आडात नाही

"आज तुमचं नको," सिस्टर म्हणाल्या, आणि तिने पुढे केलेला हात त्यांनी हलकेच उचलून खुर्चीच्या पट्टीवर परत ठेवून दिला. तिला आधी वाटलं, त्या डाव्या हाताबद्दल बोलताहेत. तिने डावी बाही खाली ओढली आणि उजवी वर सारली. सिस्टर हसल्या नाहीत. या सिस्टर एरवी हसऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या. सुई टोचताना 'माझ्या सुनेपेक्षा तुमची शीर शहाणी, हाक मारली की येते,' असं दर खेपेला म्हणणाऱ्या. आज त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि तिच्या गुडघ्याजवळ बसल्या. कुणी असं गुडघ्याजवळ येऊन बसलं की बातमी वाईट असते, एवढं तिला माहीत होतं. "मागच्या खेपेला तुमची एक जास्तीची नळी घेतली होती, आठवतं? नेहमी रक्त देणाऱ्यांची हल्ली वेगळी तपासणी करतो आम्ही. बोटाच्या थेंबात तुमचं ठीकच दिसतं. पण शरीरात लोहाचा साठा म्हणून एक असतो. तो तुमचा संपलाय." "म्हणजे कमी झालाय?" तिने विचारलं. "कमी नाही हो. संपलाय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात ना? तुमचं उलटं. पोहऱ्यात दिसतंय म्हणून आडातही असेल, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो." मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. जिना चढताना धाप लागते का, अंथरुणावर पाय स्वस्थ राहतात का, केस गळतात का. ती प्रत्येकाला मान हलवत 'नाही' म्हणत गेली. "आणि बर्फ खावासा वाटतो? किंवा खडू, माती, असलं काही?" इथे तिला एकदम उघडं पडल्यासारखं झालं. आपल्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण परक्या माणसाने उघडून आत हात घालावा, तसं. "छे, काहीतरीच," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठे देत नाही ना रक्त?" "नाही हो." सिस्टरांना पटलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. "डॉक्टरांना दाखवा. घरी सांगा. आणि आता बरेच दिवस इकडे यायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

दाराजवळच्या टेबलावर नेहमीसारखा चहाचा थर्मास होता आणि बशीत बिस्किटं मांडलेली होती. तिथे बसणाऱ्या बाईंनी बशी पुढे केली. "मी दिलं नाही आज," ती म्हणाली आणि अंग चोरून बाहेर पडली. बिस्किट रक्त देणाऱ्यांसाठी होतं. रस्त्यावर ऊन लखलखीत होतं, माणसं आपापल्या कामाला चालली होती, आणि तिला एकदम लाजल्यासारखं झालं, जणू शाळेतून नाव काढून टाकलेल्या मुलीने भर दुपारी दप्तर घेऊन घरी यावं. हसण्यासारखंच होतं खरं. रक्त नको म्हटलं तर माणसाने सुटलो म्हणावं. चार पावलं हलकं चालावं. पण तिला भीती वाटत होती, आणि ती आजाराची भीती नव्हती. आजाराचं काय, तो येतो आणि जातो, नाहीतर नेतो. ही भीती वेगळी होती, आणि तिचं नाव घ्यायला ती तयार नव्हती. तिने पाय उचलले आणि कामाची वाट धरली. फूटपाथचा चढ अगदी किरकोळ होता, पण कोपऱ्यावरच्या कुलपांच्या दुकानापाशी तिला थांबावं लागलं. थांबायला निमित्त हवं म्हणून ती दुकानातली कुलपं बघत उभी राहिली. कितीतरी दिवस ती याच दुकानापाशी थांबत होती आणि आपल्याला कुलपं आवडतात अशी स्वतःची समजूत घालत होती.

ती कवळ्या बनवायची. इमारतीच्या तळघरात चारपाच माणसांची लॅब होती, दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, आणि त्या मापांत प्लास्टर ओतून साचे काढायचे, मग मेणात एकेक दात बसवायचा, हे तिचं काम. भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने लोकांची तोंडं मांडलेली असायची, वरची, खालची, दात नसलेली, एखादाच सुळा राखून बसलेली. ती ज्यांना कधी भेटली नव्हती त्यांच्या हिरड्या तिच्या बोटांना पाठ होत्या. एखादा माणूस डाव्या बाजूनेच चावतो, एखादी बाई झोपेत दात खाते, हे तिला साच्यावरून कळे, आणि त्या परक्या माणसाबद्दल तिला उगाच माया वाटे. खाणाऱ्याला दात नव्हते, तिने दिले; यात ती सुखी होती. आज तिने ॲप्रन घातला, वाडग्यात पांढरी पूड घेतली, पाणी घातलं, आणि तो वास आला. ओल्या प्लास्टरचा, थंड, नव्या भिंतीसारखा वास. तिने डोळे मिटले. केव्हा सुरू झालं हे? आधी नुसता वास आवडायचा. मग ती वाडगा नाकाशी नेऊ लागली. मग एकदा, सगळे जेवायला गेलेले असताना, तिने बोटाचं टोक त्यात बुडवून जिभेवर ठेवलं होतं. खरखरीत, गार, आणि घशाच्या मागे कुठेतरी अपार समाधान. त्या दिवशी तिने साबणाने तोंड धुतलं होतं. त्यानंतर मात्र बर्फ. लॅबच्या फ्रिजमधला बर्फाचा ट्रे मालक भरून ठेवायचे आणि तो रिकामा व्हायचा. बर्फ चावताना डोक्यातला धुरळा खाली बसायचा, डोळ्यांपुढचं स्वच्छ दिसायचं. चावता चावता एकदा दाढेचा कोपराच तुटला. "गावाला दात वाटते आणि स्वतःची दाढ मोडून बसते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," मालक म्हणाले होते, आणि तीही हसली होती. तो तुटका कोपरा आता तिच्या जिभेला लागत होता. सिस्टरांनी एका वाक्यात त्याचं कारण सांगून टाकलं होतं, आणि तिने 'काहीतरीच' म्हणून ते परत केलं होतं. जवळ येऊन विचारणाऱ्याला तिने नाकारलं होतं, आणि कुणी जवळ येऊन विचारावं, त्यासाठीच तर ती तिथे जायची.

हा विचार आपोआप आला, आणि तिचा हात वाडग्यातच थांबला. त्यासाठीच तर. प्लास्टर घट्ट होत चाललं, ते टाकून द्यावं लागणार हे तिला दिसत होतं, तरी ती हलली नाही. नवरा गेला त्या दिवसांत घर माणसांनी भरून गेलं होतं. येणारा प्रत्येकजण दारातून एकच विचारायचा, 'कसं झालं?' आणि ती सांगायची. सकाळी चहा घेतला, मग छातीत दुखतंय म्हणाले, मग हॉस्पिटल, मग डॉक्टर म्हणाले बाहेर बसा. पुन्हा नवीन माणूस, पुन्हा चहापासून. कसं झालं हे सगळ्यांनी विचारलं. तिचं कसं आहे, हे विचारायचं राहून गेलं. यात कुणाची चूक नव्हती, ती रडत नव्हती, चहा करत होती, लोकांना वाटलं खंबीर आहे. सगळे पांगल्यावर ती त्याच्या वस्तू आणायला हॉस्पिटलात गेली. चष्मा, घड्याळ आणि एका लहान डबीत त्याची अर्धी कवळी, तिने स्वतःच्या हाताने केलेली. समोरचे दोन दात तिने मुद्दाम किंचित वाकडे बसवले होते, त्याचे मूळचे तसे होते म्हणून. 'नवे दात देतेस तर सरळ तरी दे,' तो म्हणाला होता. 'सरळ दातांचा माणूस मला ओळखायला यायचा नाही,' ती म्हणाली होती. ती डबी पर्समध्ये घालून ती जिना उतरत होती आणि खालच्या मजल्यावर आल्यावर तिला गरगरल्यासारखं झालं, म्हणून समोरचं उघडं दार बघून ती आत शिरली, जरा टेकावं म्हणून. तिथे रक्त घेत होते. आतल्या बाईंना वाटलं, ही द्यायला आली. "या, या. आडव्या व्हा," त्या म्हणाल्या. चूक लक्षात आली होती तिच्या. सांगता आलं असतं. पण इतक्या दिवसांत 'आडव्या व्हा' असं कुणीच म्हटलं नव्हतं, आणि ती आडवी झाली. कुणीतरी तिच्या पायाखाली उशी सरकवली, कुणीतरी पंखा तिच्याकडे वळवला, हातात मऊ चेंडू दिला, आणि थोड्या वेळाने एक नर्स तिच्या तोंडाशी वाकून म्हणाली, "बरं वाटतंय ना?" तिने मान हलवली, आणि डोळ्यांच्या कडांनी पाणी कानात गेलं. "सुई दुखली का?" "हो," ती म्हणाली.

तेव्हापासून ती जात होती. लोक तिला दानशूर म्हणायचे, मालक नव्या माणसांना तिची ओळख 'या आमच्या कर्णबाई' अशी करून द्यायचे, आणि ती संकोचायची तेव्हा लोकांना तो विनय वाटायचा. दोन खेपांच्या मधले महिने फार लांब पडत. मग तिने नदीपलीकडे दुसरं केंद्र शोधलं. अलीकडच्यांना पलीकडचं सांगितलं नाही, पलीकडच्यांना अलीकडचं सांगितलं नाही. विचारलं की 'नाही' म्हणायचं, आणि ते 'नाही' इतकं सरावाचं झालं होतं की खोटं वाटेनासं झालं होतं. माणसं चोरून घेतात. ही चोरून देत होती. आणि दर खेपेला निघताना लोहाच्या गोळ्यांची पट्टी मिळायची, ती ही वन्संना नेऊन द्यायची. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन ही त्या घरात आली तेव्हा त्या होत्या, आणि नवरा गेल्यावरही त्या होत्या. दोन बायका आणि मधली एक रिकामी खुर्ची, असं ते घर. वन्सं रंगाने कागदासारख्या, गुडघ्यांनी अधू, आणि जिभेने मात्र अजून ठणठणीत. "जगाला रक्त वाटत फिरतेस, आणि घरी आलीस की माझं पितेस," असं त्या म्हणायच्या. रक्त कमी आहे असं त्यांना डॉक्टरांनी फार पूर्वी सांगितलं होतं. म्हणून ही रोज सकाळी त्यांच्या कपाशेजारी गोळी ठेवायची. आपल्याला कशाला लागतेय, आपलं ठीक आहे. आजवर बोटाचा थेंब दर वेळी तिच्या बाजूने साक्ष देत आला होता.

दुपारी तिने मालकांना 'जरा जाऊन येते' म्हटलं आणि पूल ओलांडला. कशासाठी, ते तिने स्वतःला विचारलं नाही. अलीकडचं दार बंद झालं तर पलीकडचं आहे, एवढंच पायांना ठाऊक होतं. पुलावर वारा होता, आणि तिला वाटत होतं की आपण आतून पोकळ झालो आहोत आणि तो वारा आरपार जातो आहे. पलीकडचं केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याच्या मधल्या वळणावर ती कठडा धरून उभी राहिली. छाती अशी उडत होती की वरून उतरणाऱ्या माणसाला ऐकू जाईल. इथे बघायला कुलपंही नव्हती. शेवटी ती वर गेली. इथला माणूस टकला, चष्मा कपाळावर चढवलेला, फार न बोलणारा. त्याने तिचं बोट टोचलं. इथली पद्धत जुनी. निळ्या पाण्याच्या बरणीत थेंब सोडायचा, बुडला तर चालतं, तरंगला तर घरी जायचं. दर वेळी तिचा थेंब दगडासारखा तळाला जायचा आणि तिला त्याचा थोडा गर्व वाटायचा. आज तो निळ्या पाण्यात शिरला आणि मध्येच थांबला. खालीही जाईना, वरही येईना. ती वाकून त्याच्याकडे बघत राहिली. तो थेंब अगदी एकटा दिसत होता. मग, तिचीच भीड पडल्यासारखा, तो हळूहळू खाली गेला. "काठावर आहे, पण चालेल," तो माणूस म्हणाला. "या. आडव्या व्हा."

ती आडवी झाली. छतावरचा तोच डाग, तोच पंखा. पट्टा दंडाला आवळला गेला, चेंडू हातात आला, स्पिरिटचा गार बोळा कोपराच्या खळीत फिरला. सगळं नेहमीसारखं होतं, आणि तिला ज्याची ओढ होती ते आता एका श्वासावर होतं. अजून सुई टोचली नव्हती. त्या माणसाने सुईवरचं टोपण काढलं, चष्मा डोळ्यांवर आणला, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सवयीने विचारलं, "बरं वाटतंय ना?" तो सगळ्यांनाच विचारत असणार. दिवसभर विचारत असणार, जसं रस्त्यात भेटलेला माणूस 'काय, ठीक?' विचारतो. पण प्रश्न तर हाच होता. याच एका प्रश्नासाठी ती इतकी वर्षं पिशवी पिशवी भरून देत आली होती, आणि आजवर एकदाही तिने त्याचं खरं उत्तर दिलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. आवाज इतका लहान निघाला की त्याने कान पुढे आणला. "नाही," ती पुन्हा म्हणाली, "मला बरं वाटत नाही. फार दिवस झाले. मी बर्फ खाते. मी तिकडेही देते, नदीच्या त्या बाजूला. त्यांनी सकाळीच नको म्हटलंय." त्याने टोपण परत लावलं, पट्टा सोडला, तिच्या पायाखाली आणखी एक उशी सरकवली. मग म्हणाला, "घरी कोण आहे?" "वन्सं. पण त्या नाही येणार, त्यांचे गुडघे दुखतात." "नंबर सांगा," तो म्हणाला.

वन्सं आल्या. रिक्षातून आल्या, दोन मजले भिंतीला धरून चढल्या, घरातल्याच चपलांवर, चष्मा विसरून. दारात उभ्या राहून त्यांनी आंधळ्यासारखं सगळ्या खुर्च्यांवरून बघितलं आणि हिला शोधून काढलं. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, टॉवेल होता आणि बिस्किटांचा पुडा होता. "मेली असतीस म्हणजे?" त्या म्हणाल्या. दुसरं काही सुचलं नसावं. मग पुडा फोडून त्यांनी एक बिस्किट तिच्या हातात दिलं. "खा." ती म्हणाली, "मी दिलं नाही वन्सं आज." "काय दिलं नाहीस?" वन्संना कळेना. "खा म्हणते ना!" तिने खाल्लं. रक्त न देता खाल्लेलं ते पहिलं बिस्किट. वन्सं बाटलीचं झाकण उघडून शेजारी उभ्या राहिल्या.

घरी पोचल्यावर वन्संनी तिला खिडकीशी बसवलं. खिडकीत गुलाबाची कुंडी होती, वन्संची लाडकी. गेली काही वर्षं तिला अशी फुलं यायची की शेजारणी कलम मागायला येत. तिने सगळं सांगितलं, साठ्याचं, बर्फाचं, प्लास्टरचंसुद्धा. वन्सं ऐकत होत्या आणि त्यांचा पांढरा चेहरा आणखी पांढरा होत होता. "आणि त्या गोळ्या?" त्या मध्येच म्हणाल्या. "मला द्यायचीस त्या? त्या तुझ्या होत्या?" "मला गरज नाही असं वाटायचं. तुम्हाला होती." वन्सं कुंडीकडे बघत म्हणाल्या, "पोट धरायचं माझं त्यांनी. दोन दिवस घेतल्या फक्त, तिसऱ्या दिवसापासून त्याच्या मुळाशी. गुलाबाला लोह लागतं म्हणतात." "मग मला सांगितलं का नाही?" "तू रोज कपाशेजारी ठेवायचीस. इतक्या मायेने ठेवायचीस. कुणी ठेवलंय माझ्यासाठी काही, आईनंतर? नको कसं म्हणू?" दोघींनी मिळून कुंडीकडे बघितलं. तो गुलाब निर्लज्जासारखा बहरलेला होता. वन्संना आधी हसू फुटलं, मग तिलाही, आणि हसता हसता वन्संनी पदर डोळ्यांना लावला. "तो गेल्यावर तुला कसं आहे विचारावं असं रोज वाटायचं," त्या म्हणाल्या. "वाटायचं, विचारलं आणि तू रडलीस तर मी काय करू? माझाही भाऊच होता तो."

डॉक्टरांनी आधी गोळ्याच दिल्या. वन्सं समोर बसून त्या गिळायला लावायच्या, पण तिच्याही पोटाने त्या मानल्या नाहीत. मग शिरेतून लोह द्यायचं ठरलं, अलीकडच्याच हॉस्पिटलात, आणि योगायोग असा की खुर्ची तशीच होती, मागे कलणारी, हाताला पट्टी असलेली. सिस्टर दुसऱ्या होत्या, तरुण. त्यांनी शीर शोधली, सुई आत गेली, आणि वर टांगलेल्या पिशवीतून कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी नळीतून थेंब थेंब उतरू लागलं. ती नळीकडे बघत होती. प्रवाह उलटा होता, तिच्याकडे येत होता, आणि तिला त्याची भयंकर लाज वाटत होती. इतकं आपल्यासाठी, आणि बदल्यात काहीच नाही. तिचा हात आपोआप मिटला, उघडला, मिटला, उघडला, जसा कितीतरी वर्षं चेंडू दाबत आला होता. "मावशी, मूठ सोडा," सिस्टर म्हणाल्या. "आज काही द्यायचं नाहीये." तिने सोडली. सिस्टर वळल्या आणि मूठ पुन्हा मिटली. शेजारच्या स्टुलावर वन्सं बसल्या होत्या, गुडघ्यांवर टॉवेल पसरून. त्या पुढे सरकल्या, त्यांनी तिचं एकेक बोट उघडलं, आणि पुन्हा मिटायला जागा उरू नये म्हणून आपला हात त्या तळव्यात ठेवून दिला. त्यांचा हात गार होता. "बरं वाटतंय ना गं?" त्यांनी विचारलं. हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं.

"अजून नाही," ती म्हणाली. "तुम्ही बसा थोडा वेळ."